कुर्ल्याहून आली तशी

ऑक्टोबरची उघाड पडली, तशी फियाटची मागची सीट उचलून अंगणात आणली. पावसाळाभर वाडीतल्या शेडमध्ये बंद राहिलेल्या गाडीला ऊन दाखवायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. सीट उलटी केली. कव्हराची कड खालच्या लोखंडी सांगाड्यावर दुमडून तारेच्या कड्यांनी आवळलेली असते. तिथे वरच्या बदामी रेक्झिनखाली दुसरं काहीतरी दिसलं. पक्कड घेऊन दोन कड्या सोडवल्या. आत चार बोटं रुंदीची पट्टी होती, गडद तांबड्या रेक्झिनची. तिला कधी ऊन लागलेलं नव्हतं. बोटाने धूळ पुसली आणि रंग असा वर आला, की जणू कालच कोणी कापड ताणून बसवलं होतं.

ही गाडी मी लहानपणापासून बदामी सीटचीच पाहिलेली. बाबांनी ती घोलवडच्या एका इराणी बागायतदाराकडून घेतली, तेव्हा ती तांबड्या सीटची होती हे मला ठाऊक नव्हतं. नव्वदीच्या दशकात एका गॅरेजला ‘आतून नवी करायला’ दिली. परत आली तेव्हा सीट, दरवाजांची पॅडं, छताचं कापड, सगळं बदललेलं होतं. जुनं कुठे गेलं, असं बाबांनी विचारलं. भंगारात, असं उत्तर मिळालं. त्या वेळी कोणाला त्याचं काही वाटलं नाही. आज वाटतं. ज्या कामगाराने ती चार बोटं पट्टी कापून टाकण्याचा कंटाळा केला, त्याच्या त्या कंटाळ्यामुळेच आमच्या गाडीचा खरा रंग शिल्लक राहिला.

त्या दिवसापासून गाडी आतून ‘जशी आली तशी’ करायचं ठरवलं. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात हे काम करताना जे शिकलो, ते इथे लिहितो आहे. जुन्या गाडीचं इंजिन बसवणारे मिस्त्री अजून भेटतात. रंगकामही होतं. आतलं कापड, पट्ट्या, मुठी, बटणं, छत यांच्याकडे मात्र शेवटी लक्ष जातं, आणि तिथेच गाडीची ओळख कायमची पुसली जाते.

कंपनी फिटिंग म्हणजे कुठली कंपनी?

आपल्याकडे गाडीत जे मूळचं, त्याला ‘कंपनी फिटिंग’ म्हणतात. शब्द छान आहे. पण फियाटच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच पडतो, की कंपनी कुठली? परदेशातल्या हौशी लोकांकडे इटालियन फियाट ११०० ची जुनी माहितीपत्रकं, रंगांचे तक्ते, कापडाचे नमुने असतात. ते पाहून आपली गाडी सजवायची, तर ती इटलीतल्या तुरिनची होईल, आपली उरणार नाही.

कारण आपली गाडी मुंबईतल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. जहाज आणि विमानाच्या उद्योगात हात घातलेल्या या माणसाला मोटारही देशातच बनवायची होती. सुरुवात क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जुळवण्यापासून झाली. पन्नाशीच्या दशकात फियाट आली. पाठीला बाक असलेली ती जुनी ११००, पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी, महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ म्हणूनच ओळखली गेली. नाव ओबडधोबड असलं तरी त्यात माया आहे, आणि अजूनही जुन्या गाड्यांचे लोक त्याच नावाने तिची चौकशी करतात. १९६४ मध्ये चौकोनी बांध्याची ११०० डिलाइट आली. १९७२ मध्ये तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन आणि तोच बांधा घेऊन ही गाडी शतक संपेपर्यंत चालली.

या इतिहासातली एक गोष्ट आतल्या कापडाशी थेट जोडलेली आहे. १९५३ साली सरकारने धोरण ठरवलं, की ज्यांना देशात गाडी बनवायची आहे त्यांनीच इथे राहावं. नुसत्या पेट्या आणून जुळणी करणाऱ्यांना जागा नाही. मुंबईत वर्षानुवर्षं गाड्या जुळवणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. जे उरले त्यांना एकेक भाग देशी करत जावं लागलं. इंजिनाचे भाग, पत्रा, काच, तसंच सीटचं कापड, दोरा, रबर, हार्डबोर्ड. आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे एकाच सालच्या दोन गाड्यांत रेक्झिनचा पोत किंवा पट्टीची जाडी वेगळी निघाली, तर नवल नाही. कारखान्याला त्या महिन्यात जे मिळालं, ते लागलं.

‘रेक्झिन’ हा शब्दसुद्धा असाच आपलासा झालेला. मुळात ते एका इंग्रज कंपनीच्या मालाचं नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन चामड्यासारखं केलेलं कापड. पुढे पीव्हीसीचा लेप आला, नाव मात्र तेच राहिलं. आपल्याकडे हे पीव्हीसीचं काम करणाऱ्यांत भोर इंडस्ट्रीजचं नाव होतं. पुणे जिल्ह्यातल्या छोट्याशा संस्थानी गावाचं नाव घेऊन उभी राहिलेली ही कंपनी. म्हणजे मोटारीच्या आतल्या कापडाचा धागाही मराठी मुलखातून गेलेला आहे. चिकूला ‘डहाणू घोलवड’ हे भौगोलिक मानांकन २०१६ मध्ये मिळालं, तेव्हा आम्हा बागायतदारांना एक गोष्ट पक्की कळली होती. फळाची ओळख त्याच्या मातीवरून ठरते. गाडीचंही तसंच आहे. आमच्या गाडीची माती कुर्ल्याची आहे.

वहीचे तीन रकाने

काम सुरू करायच्या आधी मी दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. पहिला ‘कारखान्याचं’, दुसरा ‘घरचं’, तिसरा ‘गॅरेजचं’. गाडीच्या आत जे जे हाताला लागेल, ते या तीनपैकी एका रकान्यात लिहायचं. खात्री नसेल तर पेन्सिलीने लिहायचं.

कारखान्याचं म्हणजे गाडी कुर्ल्याच्या दारातून बाहेर पडताना जे होतं ते. गॅरेजचं म्हणजे पुढे दुरुस्तीत घुसलेलं. बदामी रेक्झिन, पॅडांच्या मागचा प्लायवूड, कॅसेट प्लेअरसाठी कापलेलं भोक. घरचं म्हणजे मालकांनी हौसेने, गरजेने, श्रद्धेने लावलेलं. हा घरचा प्रकार फार कोणी वेगळा धरत नाही. लोक घरचं आणि गॅरेजचं एकाच झाडूने झाडून टाकतात. आमच्या डॅशबोर्डवर बाबांचा छोटा गणपती आहे. त्याच्या पाठीमागे दोन बारीक भोकं सापडली, बाबांनी न पाडलेली. मी घोलवडला जाऊन त्या इराणी शेठच्या मुलीला विचारलं. त्यांचं वय आता सत्तरीच्या पुढे.

“तिथे पप्पांनी जरथुष्ट्राची फ्रेम लावलेली,” त्या म्हणाल्या. “उदवाड्याला निघायच्या आधी पुसायचे ते. तुझ्या बाबांना गाडी दिली तेव्हा फ्रेम आम्ही काढून घेतली, स्क्रू राहिले असतील.”

उदवाडा इथून हाकेच्या अंतरावर, गुजरातची हद्द ओलांडली की. १७४२ पासून तिथे इराणशाह हा पारशांचा पवित्र अग्नी तेवतो आहे. त्याआधीच्या संकटाच्या काळात तोच अग्नी आमच्या जवळच्या बहरोटच्या डोंगरातल्या लेण्यांत ठेवला होता, असं पारशी परंपरा सांगते. डहाणू-घोलवडच्या पारशी आणि इराणी घरांत गाड्या निगुतीने राहिल्या. चिकूच्या वाडीतली शेड, रोज फडक्याने पुसणं, गरजेपुरतं चालवणं. त्या दोन भोकांनी आमची गाडी या सगळ्या इतिहासाला जोडली. वहीत ती ‘घरचं’ या रकान्यात शाईने लिहिली. ती बुजवायची नाहीत, हे त्याच दिवशी ठरलं.

सीट

आतलं काम सीटपासून सुरू होतं, कारण सीटमध्ये सगळ्यात जास्त पुरावा दडलेला असतो. सीट उघडताना कात्री चालवायची नाही. एकेक थर सोडवायचा आणि फोटो काढत जायचं. सगळ्यात खाली लोखंडी सांगाडा आणि स्प्रिंगा. त्यावर गोणपाट, म्हणजे स्प्रिंगची टोकं वर टोचू नयेत. त्यावर भरण, मग कव्हर. जुन्या गाड्यांत भरण बहुधा काथ्याचं किंवा कापसाचं असे. पुढे रबराचा लेप दिलेला काथ्या आणि मग फोम आला. आमच्या सीटमध्ये नव्वदीचा फोम होता, पण कोपऱ्यात स्प्रिंगांना अडकून जुन्या काथ्याचे झुबके राहिले होते. तेवढे पुरेसे होते.

महामार्गाच्या कडेला तलासरीत एक वयस्कर कुशनवाले आहेत. ट्रकच्या केबिनी, रिक्षा, ट्रॅक्टर यांच्या सीटांवर त्यांचं पोट चालतं. त्यांना मी काथ्या भरायला सांगितलं.

“भाऊ, काथ्याला आता कोण विचारतं? फोम टाकू, गादीसारखं होईल.”

“मिस्त्री, गादी नकोय. पहिली होती तशी पाहिजे.”

त्यांनी कोपऱ्यातला झुबका हातात घेऊन दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग म्हणाले, “सपाट बसायची ही. मधे फुगायची नाही. माझ्या वडिलांकडे असल्या यायच्या.”

तो ‘सपाट बसायची’ हा शब्द सोन्याचा होता. जुनी सीट नव्याने करताना हमखास होणारी चूक म्हणजे ती फुगते. जाड फोम टाकला की पट्ट्या वर उचलल्या जातात, कडा गोल होतात, आणि बाहेरून कितीही अचूक कापड असलं तरी गाडी नव्या सोफ्यासारखी दिसते. जाणकार माणूस दार उघडताक्षणी हेच ओळखतो.

मग पट्ट्या. सीटच्या मधल्या भागात उभ्या पट्ट्या असतात. त्या किती, प्रत्येकीची रुंदी किती, आणि काठाच्या पाइपिंगपासून पहिली पट्टी किती अंतरावर, हे पट्टी लावून मोजायचं. जुन्या कापडावर शिवणीची भोकं उरलेली असतात. सूतभर फरकही वहीत लिहायचा. अजून एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे पट्टी शिवलेली आहे की दाबून उठवलेली. पीव्हीसी आल्यावर जगभरच्या मोटार कारखान्यांत उष्णतेने दाब देऊन पट्ट्या उमटवायची पद्धत आली. तिथे दोरा नसतो, फक्त शिवणीसारखी खूण असते. दाबलेल्या पट्टीच्या जागी शिवलेली पट्टी दिली, तर काम जास्त सुबक दिसेल, पण ते चुकीचं असेल. शिवलेलीच्या जागी दाबलेली दिली, तरी चूकच.

रंगाच्या बाबतीत वरच्या पृष्ठभागावर कधीच विश्वास ठेवू नये. उन्हाने तांबड्याचा विटकरी होतो, निळ्याचा राखी, पांढऱ्याचा पिवळा. खरा रंग तीन ठिकाणी राहतो: दुमडलेल्या कडेत, पाइपिंगच्या आत, आणि हात टेकायच्या मुठीखाली. तो नमुना दुकानात घेऊन जायचा. जुळवणी दिवसाउजेडी सावलीत करायची, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो. रंग जुळला तरी काम संपत नाही. रेक्झिनचा पोत म्हणजे त्यावर रोलरने उठवलेली चामड्यासारखी नक्षी. ती बारीक दाण्याची आहे की मोठ्या सुरकुतीची, चकाकी किती, मागचं कापड विणलेलं आहे की होजिअरीसारखं ताणलं जाणारं, हे सगळं पाहावं लागतं. आमच्यासाठी पोत जुळला, पण चकाकी थोडी जास्त होती. दुसरा पर्याय मिळेना. वहीत तसं लिहून ठेवलं: ‘रंग बरोबर, पोत बरोबर, चकाकी जास्त.’ पुढच्या माणसाला ते कळलं पाहिजे.

पॅड, छत आणि पत्रा

दरवाजाचं पॅड म्हणजे हार्डबोर्डचा तक्ता, त्यावर रेक्झिन, आणि मागे दरवाजाच्या भोकांत बसणाऱ्या क्लिपा. गॅरेजवाले हार्डबोर्डऐवजी प्लायवूड लावतात, कारण तो टिकतो. पण प्लायवूड जाड असतो. त्यामुळे काच वर-खाली करायचा हँडल पुरेसा आत बसत नाही, पॅड कडेला उचललेलं राहतं, आणि दार लावताना आवाजही वेगळा येतो. किनाऱ्यावर हार्डबोर्डचा खरा शत्रू पाणी. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दरवाजात उतरतंच. ते खालच्या भोकांतून वाहून जावं, अशी रचना असते. पानं, माती, जुना रंग यांनी ती भोकं बुजली की पाणी आत साचतं, खालून गंज आणि वरून फुगलेला हार्डबोर्ड. पॅडाच्या मागे पाणी अडवणारा मेणकागद किंवा डांबरी कागद असे. तो फाटला की कोणी परत लावत नाही. आम्ही नवा हार्डबोर्ड कापला, कडांना आणि भोकांना वॉर्निश पाजलं, मागे कागद लावला. बाहेरून यातलं काही दिसत नाही. पण मूळची वस्तू मूळच्याच पद्धतीने टिकवायची, तर हे न दिसणारं काम करावंच लागतं.

हँडल, मुठी आणि स्क्रू हा स्वतंत्र विषय आहे. फियाट इटलीची, म्हणून तिचे आटे मिलिमीटरच्या मापातले. अॅम्बेसेडर ब्रिटिश मॉरिसची, म्हणून तिथे इंची मापं. हे न कळल्यामुळे कितीतरी फियाटींच्या दरवाजांत इंची स्क्रू ठोकून बसवले गेले आणि आटे कायमचे गेले. स्क्रूचं डोकंही पाहावं. सरळ खाचेचं की फुलीचं, सपाट की घुमटाकार, खाली वाटीसारखा वायसर आहे की नाही. एका दरवाजाला चार सरळ खाचेचे आणि एक फुलीचा स्क्रू असेल, तर तो एकटा फुलीचा ‘गॅरेजचं’ या रकान्यात जातो.

छताचं कापड काढताना सगळ्यात जास्त संयम लागतो. ते आडव्या वाकवलेल्या तारांवर ताणलेलं असतं. प्रत्येक तार वेगळ्या बाकाची, कारण छत पुढून मागे आकार बदलत जातं. तारांची अदलाबदल झाली की नवं कापड कितीही ताणलं तरी सुरकुती जात नाही. म्हणून काढतानाच प्रत्येकीला चिकटपट्टी लावून क्रमांक द्यायचा, ‘पुढून १, २, ३’ असा, आणि डावी-उजवी बाजूही लिहायची. नवं कापड बसवताना मधल्या तारेपासून सुरुवात करून पुढे-मागे जायचं. आमच्याकडे दमट हवेत कापड सैल पडतं. कोरड्या, कडक उन्हाच्या दिवशी ताणलं की पावसाळ्यात ते लोंबत नाही. हे मला त्या मिस्त्रींनी सांगितलं, आणि त्यासाठी त्यांनी मला मे महिन्यापर्यंत थांबवलं.

डॅशबोर्ड पत्र्याचा, रंगवलेला. त्यावर लाकूड नव्हतंच. तरी कितीतरी जुन्या फियाटींत आज लाकडी नक्षीचा सनमायका चिकटवलेला दिसतो, ‘विंटेज लुक’ म्हणून. स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला गिअरचा दांडा, पुढे एकसंध लांब सीट, आणि त्यामुळे मधे मोकळी राहिलेली जमीन, ही या गाडीची खरी बैठक. पुढच्या काळातल्या पद्मिनीत सुट्या बकेट सीट आणि जमिनीवरचा गिअर आला. तो त्या गाड्यांना बरोबर आहे. सत्तरीच्या गाडीत बकेट सीट बसवली, तर ती कितीही आरामाची असली, गाडीचं साल खोटं ठरतं.

मीटर आणि बटणं बदलायच्या आधी अक्षरं वाचावीत. मैल की किलोमीटर, चिन्हं की शब्द, अक्षरांचा रंग कोणता. १९५६ च्या कायद्यानंतर देश दशमान मापांकडे वळला, म्हणून त्या संक्रमणाच्या काळातल्या गाडीत हे विशेष तपासावं. काळं पडलेलं बटण फेकण्याआधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पाहावं. निम्म्या वेळा खालून मूळचा रंग निघतो.

कायदा आणि जगाची रीत

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, म्हणजे चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसलेली, ‘विंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ ही वेगळी मालिका मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. रोजच्या वापराला आणि धंद्याला अशी गाडी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल यांपुरतीच ती रस्त्यावर येते.

याचा अर्थ असा, की १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली, आणि इथून पुढे दर वर्षी पद्मिनींचा एकेक गट विंटेज होत जाणार. जी गाडी काल-परवापर्यंत शेजारच्या फाटकात उभी होती, ती आता वारसा झाली आहे. पण नियमातले शब्द नीट वाचा: चासी, बॉडी, इंजिन. सीटचा, छताचा, पॅडाचा उल्लेख नाही. आतली गाडी खरी ठेवायची की नाही, हे कायद्याने मालकाच्या मनावर सोडलेलं आहे.

जगभरच्या जुन्या वाहनांच्या संस्थांचा महासंघ, ‘फिवा’, याने तयार केलेली तुरिन सनद याबाबत स्पष्ट बोलते. आधी जपा, मग टिकवा, आणि पुनर्निर्माण अगदी शेवटी. काळाच्या खुणा हाही इतिहासाचा भाग आहे, हे सनदेला मान्य आहे. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या प्रसिद्ध स्पर्धेतही या शतकाच्या सुरुवातीपासून न बदललेल्या, जशाच्या तशा जपलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. नव्याहून नवी करणं, म्हणजे कारखान्यानेही केलं नव्हतं इतकं गुळगुळीत करणं, हा तिथे दोष मानतात.

माझ्या तीन रकान्यांमागे हाच विचार आहे. कारखान्याचं परत आणावं, घरचं जपावं, गॅरेजचं तपासावं. गॅरेजचं सगळंच वाईट नसतं. एखाद्या मिस्त्रीने तलासरीच्या नाक्यावर भर पावसात घातलेलं वेल्डिंग गाडी घरापर्यंत घेऊन आलेलं असतं. तेही वहीत लिहावं, आणि त्याच्या नावाने लिहावं.

डहाणूजवळ काय आहे

जुने भाग मिळायची मोठी खाण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीची मुदत २० वर्षांची, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या शेवटाला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी संपली. हजारो हँडल, मुठी, तिकोनी काचांच्या चौकटी त्यांच्याबरोबर भट्टीत गेल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात आज जे मिळतं, ते उद्या मिळेलच असं नाही. त्यात आपली किनाऱ्याची खारी हवा. आमच्याकडे गाडी उभी राहूनही गंजते. खालची मॅट ओली राहिली, तर एका पावसाळ्यात जमीन गळते.

तरीही मला वाटतं, की हे काम करायला डहाणूसारखी जागा नाही. जून १९९१ च्या अधिसूचनेने या तालुक्यातल्या मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांवर बंधनं आली. वाड्या राहिल्या, शेडी राहिल्या, आणि त्या शेडींत जुन्या वस्तूही राहिल्या. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. चिंचणी, वरोरच्या किनाऱ्यावरच्या गावांत डायमेकिंगचा व्यवसाय घराघरांत आहे. सोन्याचे दागिने ज्यावर ठोकून घडतात, ते पोलादी साचे ही माणसं हाताने कोरतात. केसाएवढी रेघ उलटी कोरणाऱ्या या कारागिरांना फियाटच्या मुठीखालची चकती, क्लिप, नावाचा बिल्ला यांचा साचा काढणं अवघड नाही. जुना एक तुकडा समोर ठेवला पाहिजे, एवढंच. मी आमच्या हँडलामागची एक चकती घेऊन तिथे गेलो. कारागिराने ती भिंगाखाली फिरवली आणि विचारलं, “अशा किती पाहिजेत?” मला चार पाहिजे होत्या. चारांसाठी साचा परवडत नाही. चाळीस गाडीवाले एकत्र आले तर परवडतो.

म्हणून माझी विनंती आहे. डहाणू, बोर्डी, घोलवड, तलासरी, उंबरगाव इथे ज्यांच्या शेडमध्ये जुनी फियाट, जीप, हेराल्ड, अॅम्बेसेडर उभी आहे, त्यांनी ती कुशनवाल्याकडे न्यायच्या आधी एक दिवस स्वतः तिच्यात बसावं. फोटो काढावेत. सीट उलटी करून दुमडलेली कड पाहावी. रेक्झिनचा, छताच्या कापडाचा, मॅटचा, पाइपिंगचा तळहाताएवढा तुकडा कापून वहीत चिकटवावा, आणि खाली गाडीचं साल आणि तारीख लिहावी. जुना स्क्रू, जुनी क्लिप, तुटकी मूठ डब्यात ठेवावी. त्या वह्या एकत्र आल्या, तर कुर्ल्याने न छापलेला नमुन्यांचा तक्ता आपल्यालाच तयार करता येईल.

आमच्या गाडीच्या सीट आता तांबड्या आहेत. मागच्या सीटची कड दुमडताना मिस्त्रींनी नव्या कापडाखाली चार बोटं जुनं रेक्झिन मुद्दाम ठेवलं. मी सांगितलं नव्हतं.